उजव्या बाजूची जाईबाई

मी उजवा बोलतोय. पौडच्या पुढं एका गावातल्या बौद्धवस्तीत धम्मपालचं तीन खोल्यांचं घर आहे. त्यातल्या मागच्या खोलीत दोन स्पीकर आहेत आणि समोर एक प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीत बसलेल्याच्या डाव्या हाताला माझा जुळा भाऊ आणि उजव्या हाताला मी.

खरं म्हणजे मी बोलत नाही. माझ्यातून दुसरे बोलतात, गातात, खोकतात. आयुष्यभर तेच केलं आणि त्यात कधी कमीपणा वाटला नाही. पण गेले काही महिने मला स्वतःचं एक वाक्य बोलायचं आहे आणि ते काही केल्या जमत नाही. जीव नुसता आतल्या आत तडफडतो. म्हणून तुम्हाला सांगतोय, तुम्ही तरी ऐकून घ्या.

माझा जन्म बावधनचा. तिथं विठ्ठलराव नावाचे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. गाडी घेण्याइतकी हौस नव्हती, म्हणून गाडीच्या जागेत त्यांनी सुतारकाम मांडलं होतं. प्लायवूडच्या एकाच फळीतून त्यांनी आम्हा दोघा भावांना कापलं. आमच्या पोटात कापूस भरला, तारा ओढल्या, आणि आम्ही दोघं सारखेच गातो की नाही हे पंधरा दिवस कान लावून तपासलं. चष्मा नाकावर घसरलेला, हातात स्क्रू ड्रायव्हर आणि तोंडानं बडबड चालू. "अरे, डबा कोणीही बनवेल," ते आम्हाला म्हणायचे, "तो खोलीत ठेवायचा कसा, इथंच सगळ्यांचं घोडं अडतं."

त्यांचं म्हणणं किती खरं होतं ते आम्हाला लवकरच कळलं. लवासातल्या एका फ्लॅटसाठी एका साहेबांनी आम्हाला नेलं. साहेबांनी मला सोफ्याच्या मागं कोंबलं आणि भावाला शोकेसवर चढवलं. दिसायला छान झालं म्हणे. साहेब वर्षातून दोनदा यायचे, यायचे तेव्हा क्रिकेट लावायचे आणि फोनवर बोलत बसायचे. पुढं तेही येईनात. तळ्याकडची दमट हवा, बंद खिडक्या, आणि माझ्या तोंडावरच्या जाळीला पांढरी बुरशी. कुणी ऐकणारं नाही म्हटल्यावर स्पीकर असला काय आणि नसला काय. दोन वर्षं मी तसाच उभा होतो.

एक दिवस फ्लॅट रिकामा करायला किशोर नावाचा टेंपोवाला आला. सामान उतरवून झाल्यावर साहेब त्याला म्हणाले, हे दोन डबे तुम्हीच घेऊन जा. किशोरला आमचा काय उपयोग? त्यानं आम्हाला आणून टाकलं ते त्याच्या शाळेतल्या दोस्ताकडं, धम्मपालकडं.

धम्मपाल चाळिशीचा. पिरंगुटच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करतो. प्रेस म्हणजे लोखंडी पत्रा साच्यात दाबून गाड्यांचे भाग काढणारं मशीन. त्या साच्याला ते लोक डाय म्हणतात. दिवसभर धाड धाड धाड. एकोणीस वर्षं तो त्या आवाजात उभा आहे, आणि तरी त्याच्या कानाचा त्या कारखान्यात दबदबा आहे. डायला आत बारीकशी चीर गेली तरी आवाजावरून त्याला कळतं. तो हात वर करतो, मशीन थांबतं, आणि उघडून बघावं तर खरंच चीर असते. दोन वेळा त्यानं असंच मशीन थांबवून बाजूच्या मशीनवरच्या माणसाचा हात वाचवला आहे. ही गोष्ट तो पाहुण्यांना सांगायचा तेव्हा त्याची मान जरा ताठ व्हायची. मला ते आवडायचं. कानाचा अभिमान असलेला माणूस मला विठ्ठलरावांनंतर हाच भेटला.

त्याची बायको नम्रता अंगणवाडीत शिकवते. त्या घरात सगळे मोठ्यानं बोलतात. एकट्या धम्मपालचंच घर असं नाही, गावात ज्या ज्या घरचा माणूस प्रेसवर जातो त्या घरात तसंच आहे. माणूस कामावरून आला की पहिले दोन तास त्याच्या कानात मशीनच वाजत असतं, त्यामुळं बायकापोरांना ओरडून बोलायची सवय लागते आणि मग ती सुटत नाही. मला सुरुवातीला वाटायचं की इथं रोज भांडणं होतात. नम्रता "चहा घेता का" असं विचारायची तेही भांडल्यागत. पुढं कळलं की ही मायेची पट्टीच तशी आहे. या सवयीनं पुढं आमचा केवढा घात केला, ते सांगतोच.

धम्मपालकडं एक कॅसेट होती. तो सहा वर्षांचा असताना पुण्याहून एक ताई गावात आल्या होत्या. जात्यावरच्या ओव्या टेप करून घ्यायच्या म्हणून त्या घरोघर फिरल्या. धम्मपालची आई जाईबाई आणि तिची जाऊ धोंडाबाई जात्यावर समोरासमोर बसल्या, ताईंनी दोघींपुढं एकेक माईक ठेवला, आणि दहा मिनिटं टेप केलं. जाताना कॅसेटची एक प्रत देऊन गेल्या. जाईबाई जाऊन आता बारा वर्षं झाली. तिचा एकच फोटो आहे, तोही रेशनकार्डावरचा. आवाज मात्र होता. धम्मपालनं तो पौडला जाऊन फोनमध्ये उतरवून घेतला आणि तो फोन एका जुन्या अँप्लिफायरमधून आम्हाला जोडला.

पहिल्या दिवशी आम्ही भिंतीला पाठ लावून उभे होतो. दोघी बायकांचा आणि जात्याचा मिळून एक गोळा झाला आणि खोलीभर घुमला. धम्मपालचा चेहरा उतरला. मला भारी लाज वाटली. पण गडी हरणारा नव्हता. फोनवर व्हिडिओ बघून बघून तो शिकला. आम्हाला भिंतीपासून दोन हात पुढं ओढलं. कानाच्या उंचीला यावं म्हणून खाली सिमेंटचे ब्लॉक घातले. खुर्चीपासून मी, खुर्चीपासून भाऊ आणि आम्हा दोघांतलं अंतर सारखं यावं म्हणून सुतळीनं मोजलं आणि फरशीवर खडूनं खुणा केल्या. आमची तोंडं जराशी आत, खुर्चीकडं वळवली. तरी मागचे कोपरे घुमतच होते. तेव्हा वाट्यानं केलेल्या खाचरातला आंबेमोहर नुकताच घरी आला होता. त्या भाताची पोती त्यानं मागच्या दोन्ही कोपऱ्यांत रचली. घुमणं गेलं. भिंतींवरून आवाज आदळत होता, म्हणून जाईबाईनंच शिवलेल्या दोन गोधड्या दोन्हीकडं टांगल्या.

"स्पीकरला थंडी वाजतीया व्हय?" नम्रता दारातून म्हणाली.

तिसऱ्या रविवारी दुपारी ते जमलं. कसं सांगू तुम्हाला? आम्ही दोघं भाऊ खोलीतून नाहीसेच झालो. समोर मोकळ्या फरशीवर उजवीकडं जाईबाई बसली, डावीकडं धोंडाबाई, आणि दोघींच्या मधे जातं फिरायला लागलं. जाईबाई म्हणाली,

"जात्याच्या पाळीवरी पीठ पडं भुरूभुरू"

आणि समोरून धोंडाबाईनं ओळ पुरी केली,

"जाऊबाई गं माझी, बोल हळू, नको झुरू."

बांगड्या वाजल्या. कुणीतरी धान्याची मूठ जात्यात टाकली. आणि अगदी शेवटी, ओवी संपल्यावर, जाईबाई मधेच थांबून म्हणाली, "धम्मा, हितं ये. बस माझ्यापाशी." सहा वर्षांचा धम्मपाल त्या वेळी माईकशी खेळायला बघत असणार. चाळिशीचा धम्मपाल खुर्चीत पुढं सरकला आणि फरशीवरच्या त्या मोकळ्या जागेकडं बघून रडला. ते वाक्य माझ्यातून आलं होतं. जाईबाई माझ्या वाट्याला आली होती. स्पीकरच्या जन्माला येऊन याहून जास्त काय मिळवायचं?

पुढचे सहा महिने सुखाचे गेले. पहिली पाळी करून तो साडेचारला घरी यायचा, हातपाय धुवायचा, चहाचा कप घेऊन खुर्चीत बसायचा. शेवटचं वाक्य ऐकून झालं की उठून कामाला लागायचा. त्या खुर्चीत दुसरं कुणी कधी बसलं नाही. नम्रताला स्वयंपाकघरातून ऐकू यायचं तेवढं पुरे होतं, आणि खुर्ची नेमक्या एका जागी असल्यामुळं दोघांनी बसण्यात अर्थ नाही असं धम्मपालचं मत होतं.

मग तो मंगळवार आला. सकाळी उठला तोच कानात बोट घालून. "उजवा कान भरल्यावाणी झालाय, नमे. आत शिट्टी वाजतीया." त्या घराला कानातल्या शिट्टीचं काय कौतुक? प्रेसवाल्याच्या कानात वाजायचंच. नम्रतानं लसूण टाकून तेल कोमट केलं आणि दोन थेंब सोडले. दोन दिवसांनी तो म्हणाला, बरं वाटतंय. बरं काही वाटत नव्हतं. त्याला सवय झाली होती, बस्स.

त्या मंगळवारीच संध्याकाळी तो खुर्चीत बसला आणि गाणं सुरू होताच त्याच्या कपाळाला आठी पडली. "आई मागं का सरली?" तो स्वतःशीच म्हणाला.

सरली नव्हती. मी तुम्हाला शपथेवर सांगतो, जाईबाई जिथं होती तिथंच होती. माझ्या आवाजात तिळाचाही फरक नव्हता. पण त्याला ती लांब, बारीक आणि धोंडाबाईच्या पाठीमागं गेल्यासारखी ऐकू येत होती. त्यानं आमच्या तारा उलट्या जोडल्या. आता जाईबाई भावाकडं गेली आणि त्याला स्वच्छ ऐकू आली. माझ्याकडची धोंडाबाई मात्र बारीक झाली. झालं. निकाल लागला. उजवा स्पीकर बिघडला.

मी बिघडलो नव्हतो. तुझा कान बिघडलाय रे बाबा, असं मी ओरडत होतो. पण माझ्या गळ्यातून येत होतं ते जात्याचं गाणं.

रविवारी किशोरला बोलावलं. त्यानं माझे सहा स्क्रू काढले, तोंडावरचा कागदी पडदा हातानं दाबून पाहिला, तारांना पेन्सिल सेल लावला. मी टक् केलं. जितकं जोरात करता येईल तितकं केलं.

"धम्म्या, ह्यो तर चांगला हाय की," किशोर म्हणाला.

"मंग आवाज कुटं जातोय?"

"मला काय ठावं? मी टेंपो चालवतो."

तेव्हा किशोरला जरी खुर्चीत बसवलं असतं तरी सगळं कळलं असतं. पण बैठक धम्मपालची, गाणं धम्मपालच्या आईचं. किशोर चहा पिऊन गेला. तो सहावा दिवस होता.

मग धम्मपालनं आम्हा भावांच्या जागा बदलल्या. मी डावीकडं गेलो आणि एका रात्रीत गुणी ठरलो. भाऊ उजवीकडं गेला आणि बिचारा नालायक झाला. म्हणजे डबे दोन्ही चांगले. इथवर त्याचं सगळं रीतसर होतं. तारा तपासल्या, डबे तपासले. राहिलं काय? त्याच्या मते राहिली ती जागा. उजवा कोपराच आवाज खातोय असं त्यानं ठरवलं. एकोणीस वर्षं डायची चीर ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या कानाची शंका यावी कशी? त्या कानावर तर त्याचं सगळं उभं होतं.

तारा सरळ केल्या, आम्हाला पुन्हा आपापल्या जागी आणलं आणि त्या कोपऱ्याशी त्याची लढाई सुरू झाली. नववा दिवस. पोती काढून बाहेर ठेवली, तर खोली पुन्हा घुमायला लागली. परत आणली. अकरावा दिवस. उजवीकडची खिडकी फळी ठोकून बंद केली. तेरावा दिवस. गोधडीवर दुसरी गोधडी. माझं तोंड इतकं आत वळवलं की मला भावाशिवाय काही दिसेना. अँप्लिफायरवरचं डाव्या-उजव्या आवाजाचं बटण उजवीकडं पिळलं. मी घसा फाटेस्तोवर ओरडलो, तेव्हा जाईबाई मोठी झाली, पण तिचा आवाज त्याला डावीकडूनच आला. दोघी जावा एकाच जागी एकमेकींच्या मांडीवर बसल्यासारख्या. त्यानं डोक्याला हात लावला.

या दिवसांत मी काय काय पाहिलं. खिडकी बंद करायच्या आधी नम्रता बाहेरून त्या खिडकीतून हाक मारायची, तर हा दाराकडं बघायचा. ती उजवीकडून चहाचा कप पुढं करायची, तर कप हाताला लागला की दचकायचा. फोन तर तो पहिल्यापासून डाव्याच कानाला लावायचा, कारण उजव्या हातात कायम काहीतरी असायचं. आणि घरात सगळे ओरडूनच बोलत, त्यामुळं एका कानावरही त्याचं भागत होतं. दुसऱ्या एखाद्या घरात, जिथं माणसं हळू बोलतात, तिथं दोन दिवसांत कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. इथं कुणाच्याच आलं नाही. ज्याच्या लक्षात आलं तो मी, लाकडाचा डबा. एकेक दिवस जाताना मला ब्लॉकवरून खाली पडावंसं वाटायचं. पडलो तर निदान कुणीतरी विचारेल, काय झालं म्हणून.

जेवण कमी झालं त्याचं. चिडायला लागला. एकदा नम्रताला म्हणाला, "बारा वरसांनी आई घरात आली हुती. मीच काहीतरी हलवलं आणि घालवली तिला." ती बिचारी शेजारी बसून राहिली.

बाविसाव्या दिवशी त्याची नजर जात्यावर गेली. तेच जातं. जाईबाईचं. माझ्या मागं, उजव्या कोपऱ्यात, वर्षानुवर्षं न हललेलं. दगडावर आवाज आपटून परत फिरत असणार, असं त्याच्या मनानं घेतलं. जातं खोलीतून काढून गोठ्यात ठेवायचं ठरलं. पण त्या घरात जातं हलवायचं तर थोरल्या बाईला विचारल्याशिवाय हलवत नाहीत. तिनं येऊन दोन मुठी दाणे दळायचे, मग ते जागचं उचलायचं, अशी त्यांची रीत. थोरली बाई आता एकच उरली होती, धोंडाबाई. ती दोन घरं सोडून राहायची.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुट्टी घेतली. दुपारी धोंडाबाई काठी टेकत आली. पंच्याहत्तरीची बाई, डोळ्याला कमी, पण कान तिखट.

"जातं कशापायी हलवायलायस?" तिनं विचारलं.

"काकी, त्याच्यामुळं आईचा आवाज न्हाईसा झालाय."

"दगुडामुळं? आरं, त्या दगुडामुळंच तर ती गायली." ती खुर्चीकडं गेली. "लाव बरं. मला ऐकू दे आदी."

धम्मपाल घुटमळला. त्या खुर्चीत आजवर कुणी बसलं नव्हतं. पण काकीला नाही कसं म्हणणार? ती बसली. गाणं सुरू झालं. मी इतक्या जिवानं कधी गायलो नव्हतो. माझ्या अंगातला प्रत्येक धागा मी जाईबाईला दिला. पहिली ओळ झाली आणि धोंडाबाईचा सुरकुतलेला उजवा हात वर आला, माझ्या दिशेनं.

"ही काय जाई," ती म्हणाली. "हितं तर बसलीया."

"न्हाई काकी. ती तुज्या आवाजाच्या मागं गेलीय. डावीकडं."

"मला येडी समजतो व्हय रं? चाळीस वरसं तिच्या म्होरं बसून दळलंय मी. जाई उजवीकडं हाय. चांगली खणखणीत हाय."

गाणं चालूच होतं. नम्रता दारात उभी होती. ती हळूहळू पुढं आली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं, खिडकीतल्या हाका, दचकून सांडलेला चहा, सगळं तिला एकेक करून आठवत होतं.

"अवो," ती म्हणाली, "तुमी खुर्चीत बसा. पर उलटं बसा. स्पीकरकडं पाठ करून."

"त्यानं काय हुतंय?"

"बसा म्हणते ना."

तिनं खुर्ची फिरवली. धोंडाबाईनं जागा दिली. धम्मपाल आमच्याकडं पाठ करून, मागच्या भिंतीकडं तोंड करून बसला. आता मी त्याच्या डाव्या कानाला होतो. नम्रतानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

पहिल्याच ओळीला त्याची पाठ ताठ झाली. "आली," तो म्हणाला. "नमे, आई आली. जवळ आली." तो हसत होता. तेवीस दिवसांत पहिल्यांदा हसत होता. ओवी सरली, बांगड्या वाजल्या, आणि जाईबाईनं त्याला हाक मारली. "धम्मा, हितं ये. बस माझ्यापाशी." त्यानं डोळे पुसले. मग म्हणाला, "आता काकीचा आवाज कुटं गेला?"

मग त्याचा उजवा हात हळूच वर गेला. उजव्या कानापाशी त्यानं दोन बोटं एकमेकांवर घासली. मग डाव्या कानापाशी घासली. पुन्हा उजव्या. असं त्यानं चार वेळा केलं. मला त्याची फक्त पाठ दिसत होती आणि मला ती बघवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघं पुण्याला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. तिथं काय झालं ते मला संध्याकाळी कळलं, कारण नम्रता धोंडाबाईला ओरडूनच सांगत होती. कान अचानक गेला होता. का गेला ते नक्की सांगता येत नाही. असं होतं कधीकधी, एका रात्रीत. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असता तर पुष्कळ आशा होती, पहिल्या पंधरवड्यात आला असता तरी थोडीफार होती. आता चोविसावा दिवस. प्रयत्न करू, असं बाई म्हणाल्या.

गोळ्या झाल्या. कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली. प्रत्येक खेपेनंतर तो येऊन खुर्चीत सरळ बसायचा, गाणं लावायचा, आणि मी त्याच्या उजव्या कानाकडं माझं सगळं बळ लावून आवाज पाठवायचो. ये, ये, ये. काही आलं नाही. दीड महिन्यानं बाईंनी सांगितलं की आता त्या कानाची वाट बघू नका. तेवीस दिवस आम्ही पोती हलवण्यात घालवले होते.

जातं जागेवरच आहे. खिडकीची फळी काढली. खुर्ची मात्र आता कायमची उलटी ठेवली आहे. तो येतो, आमच्याकडं पाठ करून बसतो आणि डाव्या कानानं आईला ऐकतो. धोंडाबाई त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. तिनं त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. "मी जित्ती हाय," ती म्हणाली, "माजं प्रत्यक्ष येऊन ऐक."

इथं माझी गोष्ट संपली असती तर मी गप्प बसलो असतो. पण डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. त्याचा डावा कानही प्रेसनं बराच खाल्ला आहे. मशीनवर तपासलं तेव्हा बारीक आवाज त्या कानालाही कळेनात. तो असाच उघडा ठेवून कारखान्यात उभा राहिला तर तोही जाईल. एका रात्रीत जाणार नाही, रोज थोडाथोडा. बाईंनी कानात घालायच्या नारिंगी बोंड्यांची एक डबी दिली आणि बजावलं की पाळीभर ह्या घातल्याशिवाय प्रेसजवळ जायचं नाही.

तो घालत नाही. नम्रता रोज भांडते, आणि आता ते खरंच भांडण असतं.

"त्या घातल्यावर डायचा आवाज कळत न्हाई," तो म्हणतो.

"न का कळंना. मशीन बघायला दुसरी माणसं न्हाईत का?"

"हायेत. पर चीर त्यास्नी ऐकू येत न्हाई. बाजूला संदीप असतो, नवीन हाय, दोन लहान पोरं हायेत. डाय फुटली तर हात त्याचा जाईल."

"आणि तुमचा कान गेला तर?"

एकाच कानावर आता तो डाय ऐकतो. मान तिरकी करून, डावा कान मशीनकडं करून उभा राहतो म्हणे, कारखान्यात माल न्यायला गेलेला किशोर सांगत होता. म्हणजे जो एक उरला आहे तोच तो धाड धाड आवाजाच्या तोंडाशी नेऊन धरतो. मी त्याला मूर्ख म्हणू शकत नाही. दुसऱ्याच्या हातासाठी करतोय तो. पण संदीपचा हात वाचवायला मालकानं काहीतरी करावं, फोरमननं करावं, मशीनला काही बसवायचं असेल ते बसवावं. एका माणसाच्या उरलेल्या एका कानावर अख्खा कारखाना का चालवता? तुमच्यापैकी कुणाची तिथं ओळख असेल तर जाऊन एवढं सांगा. मी हात जोडले असते, मला हात नाहीत.

आज त्याची दुसरी पाळी आहे. जेवून तो मघाशी आत आला, उलट्या खुर्चीत बसला आणि गाणं लावलं. मी गायलो. गाता गाता मी त्याच्या डाव्या कानाला सांगत होतो, घाल, बाबा, कानात घाल, तो कान गेला तर मी कुणासाठी गाऊ. त्याच्यापर्यंत गेलं ते एवढंच, "धम्मा, हितं ये. बस माझ्यापाशी."

तो उठला. पिशवी खांद्याला लावली. नारिंगी बोंड्यांची डबी नम्रतानं त्याला दिसावी म्हणून माझ्या डोक्यावर आणून ठेवली होती. त्यानं ती उचलली, हातात घेऊन क्षणभर बघितली, आणि परत ठेवली.

बाहेर फाटकाची कडी वाजली. पिरंगुटच्या बसची वेळ झाली आहे. डबी माझ्या डोक्यावर आहे.